झेंडूच्या हारातला बंब

अहमदपूर, ५ ऑक्टोबर २०२५

आनंदराज, जय भीम.

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. ते चुकून राहिलेलं नाही, मी मुद्दाम गाळलंय. तू माझा नंबर बंद करून ठेवलास, म्हणून या वयात पोस्टाच्या रांगेत उभी राहून हे पाठवते आहे. खिडकीतला मुलगा म्हणाला, मावशी, व्हॉट्सॲप करा की. मी त्याला म्हटलं, तू तिकीट चिकटव.

काम एवढंच आहे. माझा थोरला बंब चोरीला गेला.

हसू नकोस. मी आगीचे जुने बंब गोळा करते, हे तू नांदेडच्या सगळ्या भंगार बाजाराला हसून सांगतोस ते माझ्या कानावर येतं. सांग. एसटीच्या वर्कशॉपात बत्तीस वर्षं ग्रीसमध्ये हात घालून जे साठवलं त्यातून मी लातूर रोडला प्लॉट घेतला, त्यावर पत्र्याचं शेड टाकलं आणि त्यात तीन बंब उभे केले. थोरला म्हणजे बेडफोर्ड, समोर पितळी घंटा असलेला. मधला टाटा-मर्सिडीज. धाकटा म्हणजे जीपच्या मागे ओढायचा पंप. लोक बंगले बांधतात, त्यांना कुणी हसत नाही.

दसऱ्याला मी नागपूरला दीक्षाभूमीवर होते. दरवर्षी असते, हे सगळ्या गावाला माहीत आहे. आणि दगडोबा पूजेसाठी आपल्या घरी गेले होते. दगडोबा तुला माहीत नसतील. थोरला बंब नगरपालिकेत होता तेव्हा त्याचे ड्रायव्हर होते. मी लिलावात बंब घेतला आणि महिनाभरात हा माणूस वळकटी घेऊन शेडच्या दारात उभा. म्हणाले, पगार नको, पुसायला येत जाईन. तेव्हापासून शेडची राखण तेच करतात.

आता चोरी कशी झाली ते ऐक. दसऱ्याच्या दिवशी भर दुपारी दोघं जण शेडमध्ये शिरले. त्यांनी बंबाला झेंडूचे हार घातले, आंब्याची पानं बांधली, बॉनेटवर हळदकुंकू लावलं आणि बंब चालवत मोंढ्याच्या बाजारासमोरून घेऊन गेले. दसऱ्याला कोणत्या गाडीला हार नसतो? कुणाला वाटलं पूजेला चालला, कुणाला वाटलं मिरवणूक आहे. चौकातल्या चहावाल्यानं तर पुढच्या चाकाशी नारळ फोडला. माझा चोरीला चाललेला बंब, आणि हा माणूस त्याला नारळ फोडतो. मी आल्यावर त्यानंच मला कौतुकानं सांगितलं.

आणि किल्ली? किल्ली बंबातच होती. टाकीत पाणी काठोकाठ, डिझेल भरलेलं, तोंड रस्त्याकडे. दगडोबांची सवय. मी वर्षानुवर्षं सांगत आले की काका, हा आता नगरपालिकेचा बंब नाही, किल्ली काढून ठेवत जा. त्यांचं एकच उत्तर, "बाई, बंबाला कुलूप नसतंय. आग काय किल्ली हुडकंपर्यंत थांबती का?" आयुष्यभर आगीच्या घंटेवर धावलेला माणूसच ही चूक करतो. म्हणून मला त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

तर मुद्द्यावर येते. असला बंब कुणी लग्नाच्या वरातीला चोरत नाही. तो कापायला चोरतात. घंटेचं पितळ, पंपाचं गनमेटल, बाकीचं लोखंड. म्हणजे तो तुम्हा भंगारवाल्यांच्याच बाजारात येणार. तुझ्या दारात आला तर हात लावू नकोस. दुसऱ्याच्या दारात आला तर मला कळव.

लुंबिनीला आशीर्वाद. माझं भांडण तुझ्याशी आहे, तुझ्या बायकोशी नाही.

अक्का

अहमदपूर, ९ ऑक्टोबर २०२५

आनंदराज,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज पोस्टमन दिसला की मान वर होते, याचा मला राग येतो.

पोलिसात गेले होते. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, मग विचारलं, गाडीचं पासिंग आहे का? मी म्हटलं, लिलावात निघालेली गाडी, तिचं पासिंग केव्हाच रद्द झालं. म्हणजे मॅडम, ते भंगारच झालं ना, असं ते म्हणाले. मी म्हटलं, साहेब, मीही रिटायर झाले आहे, मला कुणी उचलून नेलं तर तुम्ही भंगार चोरीला गेलं म्हणून लिहिणार का? शेजारचा हवालदार हसला आणि तक्रार लिहून घेतली गेली. वाहनचोरी म्हणून लिहिली, भंगारचोरी म्हणून नाही. तेवढं करून घेतल्याशिवाय मी खुर्चीवरून उठले नाही.

मग मी आणि दगडोबा शोधायला निघालो. एसटीत बसायचं, फाट्यावर उतरायचं, विचारायचं. हे काम इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. लाल बंब, हार घातलेला, कोण विसरेल? लोह्याला पंक्चरवाल्यानं सांगितलं की इथंच थांबला होता, पोरांनी घंटा वाजवून घेतली. पुढे एका ढाब्यावर कळलं की वळणावर बंब असा हेलकावला की चालवणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. भरल्या टाकीचं पाणी वळणावर एका बाजूला धावतं, ते नवख्या माणसाला झेपत नाही. दगडोबांना हे ऐकून पहिल्यांदा जरा बरं वाटलं. चार दिवसांनी त्यांनी त्या ढाब्यावर अख्खी भाकरी खाल्ली.

ढाब्यापासून पुढे रस्ता सरळ नांदेडला जातो. तिथून पुढे कुणालाच काही माहीत नाही.

आता मी स्पष्टच लिहिते. थोरल्याच्या लिलावाला बोली लावणारे आपण दोघंच होतो. मी ठेवायला, तू कापायला. तेव्हा तू हरलास. नंतर हदगावच्या बंबाला तू जिंकलास, आणि मी दुसऱ्या दिवशी तुझ्या यार्डात हात जोडायला आले तोवर त्याचे तुकडे झाले होते. तेव्हा तू काय म्हणालास ते मला पाठ आहे. "अक्का, लोखंड लोखंड असतंय. भावना वजनकाट्यावर चढत न्हाईत." मग मी तुला लुंबिनीच्या भाचीच्या लग्नात, पंगतीत, सगळ्यांसमोर कसाई म्हटलं. तो शब्द मी अजून मागे घेतलेला नाही.

बंब तुझ्या गावाच्या दिशेनं गेला आहे. तू माझा भाऊ आहेस म्हणून पोलिसांना मी तुझं नाव सांगितलेलं नाही. पण तुझ्या यार्डात त्याची एक कडी जरी सापडली, तरी मी सांगेन.

इकडे मधल्याचं आणि धाकट्याचं रक्षण चालू आहे. सल्ल्यांना तोटा नाही. कुणी म्हणतं कॅमेरे बसवा, कुणी म्हणतं कुत्री पाळा. मी वर्कशॉपातला उपाय केला. मधल्याचं स्टिअरिंग काढून आणलं आणि स्वयंपाकघरात भिंतीला टांगलं. धाकट्याची चाकं काढून पलंगाखाली सरकवली. दगडोबांना ते पटलं नाही. आग लागली तर काय, हा त्यांचा प्रश्न. मी म्हटलं, काका, आगीआधी चोर येतो हे आता कळलंय. भाकरी थापताना समोर ते स्टिअरिंग दिसतं आणि माझा निश्चय पक्का होतो. थोरला परत आणल्याशिवाय मी ते खाली उतरवणार नाही.

अक्का

अहमदपूर, १४ ऑक्टोबर २०२५

आनंद,

काल लुंबिनीचा फोन आला. आवाज अगदी हळू. म्हणाली, "अक्का, त्यांनी सांगितलंय, धर्माबादकडं बघा. पण त्यांचं नाव घ्यू नका, लई हात जोडून सांगितलंय." मी विचारलं, तो स्वतः का बोलत नाही? ती म्हणाली, शेजारीच बसलेत.

म्हणजे तू शेजारी बसला होतास. मी तिला जे बोलले ते तू ऐकलंस, तेव्हा इथे पुन्हा लिहीत नाही.

तिनं मला तुमच्या धंद्याची रीतही समजावून सांगितली. कोणाच्या यार्डात काय आलं ते दुसऱ्या यार्डवाल्यानं बाहेर बोलायचं नाही. जो बोलला त्याच्या दारात पुन्हा माल येत नाही, ना पोरांचा गोळा केलेला, ना लिलावाचा. मी ऐकून घेतलं. एसटीतही असल्या रीती होत्या. स्टोअरमधून कोण काय नेतं ते सगळ्यांना माहीत असायचं आणि कुणी बोलायचं नाही. मी बोलले होते. दोन वर्षं माझ्याबरोबर कुणी डबा खाल्ला नाही. मेले नाही मी त्यानं.

तरी तू एवढं सांगितलंस. तुझ्यावर संशय घेतला तो मी या ओळीत मागे घेते. कसाई मात्र तसाच राहू दे.

उद्या सकाळच्या गाडीनं मी आणि दगडोबा धर्माबादला निघतो आहोत. दिवाळी आठवड्यावर आली आहे. कापणारी पोरं बिहारकडची, ती छठला गावी जातात, आणि जाण्याआधी मालक हातातलं काम उरकून घेतात, हे मला तुझ्याकडूनच माहीत आहे. शिवाय पलीकडे तेलंगणाची हद्द. ट्रक एकदा पलीकडे गेला की मग मी कुणाकुणाच्या पाया पडू?

तू विचारशील, एवढं काय आहे त्या पत्र्यात. विचारशील कशाला, विचारलंच होतंस. तेव्हा मी रागानं बोलले नाही. आता बोलते. भूकंपाच्या वर्षी आपलं घर पडलं आणि आपण पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो, तेव्हा पाणी कशातून यायचं? याच बंबातून. दगडोबाच आणायचे. आई अंगावरच्या जखमांमुळे उठू शकत नव्हती. तू चौदा वर्षांचा होतास. घंटा ऐकू आली की घागर घेऊन सगळ्यांच्या पुढे धावायचास, आणि आईला पाणी पाजताना तिला सांगायचास की बंब आला. मी वर्कशॉपातून रजा मिळेल तेव्हा येई. मला ते सगळं आठवतं. तुला आठवत नसेल तर त्याला माझा इलाज नाही. पण आठवत असूनही तू लिलावात त्याच्यावर बोली लावलीस, आणि तेच मला आजवर समजलेलं नाही.

गाडी लवकर आहे. दगडोबांनी आत्ताच पिशवी भरून दारात ठेवली आहे, आत बंब पुसायचं फडकं सुद्धा आहे.

अक्का

धर्माबाद, १६ ऑक्टोबर २०२५, बसस्थानक

आनंद,

घाईत लिहिते. हे पत्र नांदेडच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देते आहे. आमच्या डेपोतला जुना पोरगा आहे, लुंबिनीला स्थानकावर देईल. तिला फोन करून ठेवलाय.

बंब सापडला.

गावाबाहेरचं यार्ड, नाव लिहीत नाही, तुला माहीत आहे. आम्ही जुने पाइप घ्यायला आलो असं सांगून आत गेलो. मागच्या बाजूला ताडपत्रीखाली होता. दगडोबांनी ताडपत्री उचलली आणि पिशवीतलं फडकं काढून हातात धरलं. आनंद, केबिन कापलेलं आहे. छपरापासून दारापर्यंत, टाकीपासून वेगळं करून बाजूला ठेवलंय. घंटा नाही. एका आरशाला सुकलेला झेंडू अडकला होता. पंप, टाकी, इंजिन, चाकं शाबूत आहेत. उरलेलं उद्या कापणार होते.

मी आरडाओरडा केला नाही. मला केवढं रडू येत होतं ते मी तुला सांगते, त्या मालकाला दिसू दिलं नाही. एक प्लास्टिकची खुर्ची होती, ती बंबाच्या पुढच्या चाकाला लावली आणि तिच्यावर बसले. मालकाला म्हटलं, आता कापायचं तर आधी मला उचला. दगडोबांना पोलीस ठाण्यात पाठवलं.

पोलीस आले. मालक म्हणतो, माल लिलावातला आहे, बंबासारखे बंब असतात. चेसिसचा नंबर घासून काढला आहे. माझ्याकडे लिलावाचा कागद आहे, पण नंबरच नाही तर कागद कशाला लावायचा? दगडोबा म्हणाले, मी ओळखतो. साहेब म्हणाले, काका, तुम्ही यांच्याकडचेच. लिलावात बंब पाहिलेला, पण तुमच्या बाजूचा नसलेला कुणी आहे का, किंवा बंबावर अशी काही खूण जी त्या दिवशीपासून आहे?

असा माणूस एकच आहे, माझ्याविरुद्ध बोली लावणारा.

लिलावाआधी बंब बघण्याच्या दिवशी तू त्याच्याखाली झोपून काय करत होतास ते मी पाहिलं होतं. तुम्ही लोक कानस मारून बघता, आतला धातू खरा आहे का नुसता मुलामा. दिसणार नाही अशा जागी, प्रत्येकाची आपली रीत. तू कुठे मारलीस ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तूच सांगू शकतोस.

साहेबांनी उद्या दुपारपर्यंत बंदोबस्त ठेवलाय. त्यानंतर मालकाचा वकील येईल आणि बंब त्याचाच ठरेल.

तुझं नाव न घेण्याचा शब्द मी लुंबिनीला दिलेला नाही, पण अजून घेतलंही नाही. आलास तर तुझ्या पायानं ये. तुझ्या धंद्याचं काय होईल ते मला कळतं. कळत असून सांगते आहे, ये.

गाडी सुटते आहे.

अक्का

अहमदपूर, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय आनंद, जय भीम.

परवा कोर्टाचा आदेश हातात पडला आणि बंब घरी आला. ट्रेलरवर घालून आणावा लागला. केबिन एका बाजूला दोरांनी बांधलेलं, बाकी गाडी दुसऱ्या बाजूला. मोंढ्यासमोरून गेलो तेव्हा चहावाला दुकानाबाहेर येऊन उभा राहिला. या वेळी त्यानं नारळ फोडला नाही.

त्या दिवशी तू धर्माबादला आलास. मोटारसायकल लावलीस, माझ्या खुर्चीजवळून गेलास, आणि शर्ट न काढता तसाच तेलकट चिखलात बंबाखाली शिरलास. बाहेर आलास तेव्हा साहेबांना म्हणालास, "पंपाच्या बुडाला, डाव्या बोल्टाच्या मागं बगा. ती कानस माझी हाय. हाच बंब. मला कापायचा होता, म्हणून मारली व्हती." साहेबांनी बॅटरी लावून पाहिलं. मालक तुझ्याकडे बघून म्हणाला, आनंदराज, आता या लाईनीत तुझ्या दारात कोण माल आणतंय बगू. तू म्हणालास, "हाव. ठाव हाय मला." आणि जबानीवर सही केलीस.

मी त्या वेळी दगडोबांच्या मागे उभी होते, कारण मला माझं तोंड कुणाला दाखवायचं नव्हतं. पुढे होऊन तुझ्याजवळ यायला हवं होतं, पण तोवर तू निघून गेला होतास. लुंबिनीला विचारलं तर म्हणाली, घरी येऊन अंघोळ केली आणि न जेवता झोपले.

तिच्याकडून बाकीचंही कळतं. दिवाळीनंतर यार्डाच्या फाटकातून एकही हातगाडी आत आलेली नाही. जुनी गिऱ्हाइकं फोन उचलत नाहीत. कुणीतरी फाटकावर डांबरानं घाण लिहून गेलं, ते तू स्वतः रॉकेलनं पुसलंस. तिला वाटतं मी वाईट वाटून घ्यावं. मला वाईट वाटतं, आनंद, फार वाटतं. पण तू चुकलास असं मला एकदाही वाटलेलं नाही, आणि तुलाही वाटत नसणार.

कसाई हा शब्द मी मागे घेते. पंगतीत म्हटलं होतं, तर पंगतीतच मागे घ्यायला हवा. पुढचं लग्न कुणाचं आहे ते लुंबिनीला विचारून कळव.

आता थोरल्याचं. दगडोबांनी काल दिवसभर त्याच्याभोवती फेऱ्या मारल्या. कापलेल्या कडा हातानं चाचपून पाहिल्या. म्हणाले, "बाई, पत्रा सरळ कापलाय. माणूस हातचा चांगला व्हता. जुळंल." मग अहमदपुरातले वेल्डर आपण होऊन येऊ लागले. एक म्हणाला केबिन दोन दिवसांत जोडतो, दुसरा म्हणाला नवीनच बनवून देतो, ओळखू येणार नाही. सगळ्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. ते मला विचारत होते, मग जोडणार कोण? मी म्हटलं, माणूस ठरलेला आहे, नांदेडहून यायचा आहे.

गॅसच्या ज्या नळ्यांनी तू आयुष्यभर कापत आलास, त्यांनीच नुसतं तोंड बदलून जोडता येतं, हे वर्कशॉपात मी रोज पाहिलंय. तुझ्या यार्डात सध्या काम नाही. माझ्या शेडमध्ये भरपूर आहे. थोरला झाला की मधल्याच्या टाकीला गळती आहे. नगरपालिकांच्या आवारात असे बंब अजून कुठे कुठे गंजत पडलेत ते तुझ्याइतकं या दोन जिल्ह्यांत कुणाला माहीत नाही. लिलाव लागले की दोघं मिळून जाऊ. या वेळी बोली एकच लागेल.

उत्तर देऊ नकोस, पत्र लिहू नकोस, लुंबिनीच्या फोनवरून काही कळवू नकोस. सिलिंडर टेम्पोत घाल आणि ये. केबिन मी जागेवर धरून उभी आहे.

तुझी अक्का